खिडकीपर्यंत

ओरडणं सोडायचं, असं मी ठरवलंच नव्हतं.
माझ्यापाशीच माझी तेवढी पत नाही.
ठरवलं इतकंच, की ओरडण्याआधी
खिडकी लावायची.
तीही समोरच्या कोटणीस वहिनींसाठी,
म्हणजे लाजेखातर.

श्रीनगरातली आमची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी
सरकती, अ‍ॅल्युमिनियमची,
निम्म्यात अडकते.
जरा उचलून, खांदा लावून ढकलावी लागते.
तेवढ्यात तोंडाशी आलेलं पहिलं वाक्य
(सगळ्यात वाईट नेहमी तेच असतं)
शिळं होऊन जायचं.
दुसरं मात्र ओरडायचेच मी.

आवाज बाबांचा आहे.
एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर
पत्र्याचे वायसर पाडले त्यांनी.
दोन धडाक्यांच्या फटीत
डब्यातलं लोणचं मागायचं, तेही ओरडूनच.
घरी आले तरी कानातली मशीन बंद व्हायची नाही.
"पाणी दे गं" हेसुद्धा आमच्यावर
छापासारखं पडायचं.
मी तर पाचपाखाडीच्या पतपेढीत बसते,
पासबुकं छापते,
थकबाकीदारालाही अहोजाहो करते.
माझ्या घरात कुठली प्रेस चालू आहे?

दुसऱ्या महिन्यात ठरवलं,
खिडकीकडे जाताना चपला काढायच्या.
हसू नका.
पायात चप्पल असली की माणूस
भांडायला निघाल्यासारखा चालतो.

मग "ए" बंद. नाव घ्यायचं, पूर्ण.
इरावती.
चार अक्षरं. रागाला लांब पडतात.

मार्चमधल्या एका मंगळवारी सगळं वाहून गेलं.
तिसरी कंपासपेटी हरवली होती,
पतपेढीत तीनशे रुपयांचा मेळ लागत नव्हता,
भात अर्धा शिजला आणि गॅस संपला.
उघड्या खिडकीतून, चपलांसकट, "ए"सकट
ओरडले.
समोरच्या टीव्हीचा आवाज
एकदम बारीक झाला.

रात्री मोजायला बसले तर शिल्लक शून्य.
पण मग कामातलीच एक गोष्ट आठवली:
एक हप्ता चुकला म्हणून
आधीचे भरलेले कुणी पुसून टाकत नाही.
बुधवारी पुन्हा खिडकीपासून.

आणि निकालाच्या दिवशी
मी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येतेय,
तर इरा आधीच खिडकीशी.
नऊ वर्षांची. टाचा उंचावून, खांदा लावून,
जिथे अडकते बरोब्बर तिथे उचलून,
लावली. वळली.
"लावली, आई. आता ओरड."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता.
असता तर बरं झालं असतं.

मी तिथेच फरशीवर बसले.
विचारलं, इतकं हळू की मलाच परकं वाटलं,
"कधीपासून लावतेस?"
"तू दमतेस ना ढकलून."

त्यानंतर मी कधी ओरडलेच नाही, असं नाही.
परवाच दोनदा. पण वाक्यं आखूड झालीत,
आणि मधेच थांबता येतं,
चढावर रिक्षा थांबवावी तसं,
थोडं मागे घसरून.

बाबा आता आमच्याकडेच असतात.
कानाचं यंत्र बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशात.
संध्याकाळी इरा त्यांच्यासमोर उभी राहते
आणि सगळा मजला हादरेल अशी ओरडते,
"आजोबाऽऽ, चहा!"
बाबा कप घेतात, म्हणतात,
"ओरडतेस कशाला, ऐकू येतंय."
म्हणजे तिच्यातही आहे तो.
असू दे. चहापुरता असू दे.

गेल्या रविवारी खिडक्यावाला आला होता.
बोट फिरवून म्हणाला,
"ताई, रोलर गेलाय हिचा. बदलून देतो,
एका बोटानं सरकेल."
मी म्हटलं, स्वयंपाकघरातली करा.
ही राहू दे.
अजून थोडे दिवस
अडकू दे.