साडेचार मीटर

लुकमान तडवीच्या हातांना वीस वर्षं पट्ट्या मी बांधल्या.
साडेचार मीटर डाव्याला, साडेचार उजव्याला,
फास अंगठ्यात, मनगटाला तीन वेढे,
मग बोटांच्या खाचांतून एकेक,
लाइनमन तार ओढतो तशी.

भुसावळचा मे. इन्स्टिट्यूटच्या हॉलवर पत्रा,
खाली सेहेचाळीस डिग्री,
पंच ओल्या टॉवेलखाली, खुर्चीच्या लोखंडाला हात लागत नव्हता,
आणि लुकमानचे हात
रांजणाच्या तळातल्या पाण्यासारखे.

हे मला एकट्यालाच माहीत.
शेडमध्ये सांगायचे, तडवीला भेव ठाऊक नाही,
यावलच्या वरचा आहे, सातपुड्यातला,
अस्वलाशी झोंबून आलाय.
तो हसायचा. कुणी अस्वलाचं विचारलंच
तर त्याची उंची वाढवून सांगायचा.

"घट झाली," म्हणायचा. "सोड. पुन्हा बांध."
घट्ट नसायची. मी सोडायचो.
नऊ मीटर उलगडायला, नऊ मीटर गुंडाळायला
सहा-सात मिनिटं जातात,
तेवढी त्याला हवी असायची.
एकदा चार वेळा सोडली. बाहेर नाव पुकारत होते.

हलक्या वजनाच्या पोरांचं बरं, म्हणायचा,
त्यांना दहादा चुकता येतं.
एक्क्याण्णव किलोच्या वर चूक एकदाच,
मग दिवे दिसतात, तेही खालून.

मी विचारलं होतं, मार लागायचं भेव?
"माराचं काय, बा रोज मारे.
हॉलच्या दारापासून दोरीपर्यंत
बावीस पाऊलं हायेत, बराटे.
त्यातले पाय माह्ये नसतात.
कोनाचे, कोन जाने. पन ते मांगं वळत नाहीत,
म्हनून मी त्याहिच्यावर बसून जातो."

आणि दोरीखालून वाकून आत गेला की
केळीचा घड उतरवणारा माणूस:
एक पाय पुढे, नजर देठावर, घाई नाही.
खरगपूरचा, गोरखपूरचा, पेरांबूरचे दोन,
सगळे खांद्यावर घेऊन अलगद खाली ठेवल्यासारखे.

पाचव्या वर्षीची फायनल.
हात हातात घेतला तर
कोमट. कोरडा.
"आज काहीच होऊन नाही राह्यलं मले," म्हणाला.
खूश होता. एकदाच बांधून घेतली.
बावीस पावलं स्वतःच्या पायांनी गेला,
वाटेत कुणाला तरी हातही केला.
मी बादली उचलली, तेव्हा माझीच बोटं गार पडली होती.
सांगायला हवं होतं.
पण काय सांगणार? भी म्हणून?

दुसरी फेरी. डावा हात दोन बोटं खाली.
पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली,
एवढंच मला आठवतं.

लोक बोलले. गुर्मी म्हणाले, दारू म्हणाले.
मी बोललो नाही, त्यानंही विचारलं नाही.
उरलेली अकरा वर्षं त्यानं शेडमध्ये काढली,
मी तिकीट खिडकीवर. दिसलो तर मान हलवायचो.

गेल्या पौषात त्याच्या मुलीचा फोन,
काका, जळगावला या,
बाबा त्या मशीनमध्ये जायला तयार नाहीत.
हिरव्या गाऊनमध्ये अजून मावत नव्हता.
नर्स म्हणत होती, वीस मिनिटं फक्त, आजोबा,
हलायचं नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि उजवा हात पुढे केला.

रांजणाचा तळ.
मला लाज वाटावी इतका आनंद झाला.

खिशात रुमालसुद्धा नव्हता.
अंगठ्यापासून सुरू केलं, नुसत्या बोटानं,
मनगटाला तीन, खाचांतून एकेक.
नर्स घड्याळ बघायची थांबली.
झालं तेव्हा त्यानं मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली.

"घट झाली," म्हणाला.
"सोड."