सुकतीची वेळ

तीन दिवस झाले, दुपार कलली
की लॅपटॉप वेसवी सोडत नाही.
बोट बागमांडल्याला टेकते, फळी पडते,
टेम्पो उतरतात, माणसं उतरतात,
आणि हा तिकिटाच्या टेबलावर
पलीकडच्या जेट्टीचं एक बारीक टोक धरून,
बोलणं संपल्यावरही
फोन न ठेवणाऱ्या माणसासारखा.

इथला राउटर वीस पावलांवर, केबिनच्या खिडकीत.
पण हिशेब जाईल तर शपथ:
सहा मोटारसायकली, दोन रिक्षा,
बर्फाचा टेम्पो, एक म्हैस.
(म्हशीला कॉम्प्युटरमध्ये रकानाच नाही,
मी तिला सायकलीत धरते.)

श्रीवर्धनहून रुबीना मुकादम फोनवर म्हणाली,
आधी दोन्ही नेटवर्क विसरायला लाव.
लावलं. त्यानं विचारलं, नक्की विसरू?
हो म्हटलं, आणि पासवर्ड नव्यानं घातले,
खाऱ्या हवेनं अडकलेलं शिफ्टचं बटण
दर अक्षराला नखानं उचलत.

मग म्हणाली, ड्रायव्हर काढ आणि परत टाक.
स्पीकर चालू होता.
टेमकरांचा सुरेंद्र बर्फाच्या टेम्पोतून वाकला,
"मला कशाला काढतेस बाय? माझं काय चुकलं?"

मग म्हणाली, त्याच्याकडे अजून वेसवीचा पत्ता असेल.
तो सोडायला लाव, इथला मागायला लाव.
काळ्या खिडकीत दोन ओळी टाइप केल्या
आणि बाराच्या फेरीला हिशेब सुळकन गेला.
मी तिला भर बोटीत शाबास म्हटलं.
साडेचारला पुन्हा तेच.

वीज वाचवायची खूण काढली.
रोमिंगची पट्टी मध्यमवरून जास्तवर नेली,
तर हा खाडीच्या मधोमध
एकदा इकडे एकदा तिकडे धावायला लागला,
आणि एकाचाही होईना.
रुबीना म्हणाली, कार्डच गेलंय बहुतेक.
नवं मागवू?

मी थांब म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही.
वही काढली. जिथं अडलं तिथं
मी समासात फुली मारत आले होते:
परवा पावणेचार. काल साडेचार.
आज सव्वापाच.

पाऊण तास. रोज पाऊण तास पुढं.
असं घड्याळ या बोटीवर एकच आहे.
तांडेल अब्बास खलफे दारावर पेन्सिलीनं लिहून ठेवतात,
तिथीची पाऊणपट म्हणजे भरती,
तिच्यावर सहा तास की सुकती.
तेरसला पावणेचार, चौदसला साडेचार,
आज पुनव.

सव्वापाचला मी टेबल सोडून फळीवर जाऊन उभी राहिले.
पाणी ओसरलेलं. बोट उताराच्या पार तळाशी टेकलेली,
आणि डोक्यावर जेट्टीची काळी दगडी भिंत,
कालवांनी भरलेली, ओली.
केबिन दिसत नव्हती. खिडकीही नाही.
मागं वळले तर मात्र उघडी खाडी,
आणि तिच्या टोकाला वेसवीचा खांब
स्वच्छ.

म्हणजे तो दिसेल त्याला धरत होता, एवढंच.
तीन दिवस मी त्याला हट्टी म्हणत होते.

अब्बासचाचांनी आइस्क्रीमच्या डब्यात राउटर घातला,
भोकं पाडली, दिव्याच्या खांबाला
जाळ्याच्या दोरीनं वर बांधला. त्यांची गाठ, सुटायची नाही.
मी पट्टी मध्यमवर आणली.
सहाच्या फेरीला उताराच्या मध्यावर येताच
वेसवी सुटलं, बागमांडलं लागलं,
मी बघतसुद्धा नव्हते,
सुट्टे पैसे मोजत होते.

रात्री रुबीनाचा फोन: काय निघालं शेवटी?
मी म्हटलं, ओहोटी.
ती जरा थांबली.
मग म्हणाली, बिलावर काय लिहू गं?

अवसेला बघू, मी म्हटलं.
तेव्हा पाणी याहून खाली जातं.