सहा दहा

केप्याच्या पंचायत सभागृहात
पंख्याखाली दोन दिवस हक्क शिकलो.
मेल्बाबाईंनी विचारलं,
आज आंघोळ कधी करायची, तुमचं कोणी ठरवलं?
आम्ही हसलो.
आणि तुम्ही सांभाळता त्यांचं?
पंखा तेवढा बोलत राहिला.

मग रजिस्टरं उघडायला लावली.
माझंच अक्षर, निळं, नीटस:
‘फ्लोरियान. पहाटे दंगा. फाटक हलवलं. समजूत घातली.’
समजूत म्हणजे दंड धरून आत आणलं.
तेरा महिने.
‘दंगा’ खोडा, बाई म्हणाल्या,
दिसलं तेवढंच लिहा.

आठवत बसले.
सहा दहाला पोदेराचा भोंपू वाजतो,
फाटक हलतं ते त्यानंतर.
म्हणजे त्याला पाव हवा, नाहीतर पोळी,
नाहीतर मनगटात घालून खायचं ते काकण.
या शोधावर मी
घरी जाईस्तोवर खूश होते.

सुपरिंटेंडंटांनी लेखी घेतलं, जोखीम माझी.
बुधवारी कुलूप काढलं,
चावी घामाने ओली.
फ्लोरियानने टोपलीकडे बघितलंही नाही.
सरळ सायकलच्या हँडलपाशी,
रबराचा गोळा दाबला.
थांबला. मान कलती करून ऐकलं.
पुन्हा दाबला.
पोदेर ओरडला, अरे बाबा, लोक बाहेर येतील!
आले. पिशव्या घेऊन दोन म्हाताऱ्या,
एक कुत्रा.

रजिस्टरात लिहिलं:
सहा दहा. भोंपू वाजवला. तीनदा.
कारणाचा रकाना कोरा.

उद्या माझी सुट्टी.
चावी कुणाकडे असेल,
विचारून ठेवलंय.