पर्स म्हण

पर्स म्हण, पिशवी नको म्हणूस,
असं दिगंबरला मी पहिल्याच दिवशी बजावलं.
पिशवीत कोथिंबीर येते.
पर्समध्ये बाई आपली किल्ली ठेवते.

इथे वीस किलो बासमतीच्या गोणीला चेन असते,
धरायला दोन धड कान असतात,
आणि तांदूळ संपला की सगळं फहाहील
ती कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी करून येतं.
मी नाही करत.
आमच्या पलंगाखाली सहा आहेत, एकीत एक शिरलेल्या.
त्यातली सगळ्यात आतली काढली.

चेन उसवताना ब्लेड बोटात गेलं.
बोट तोंडात धरून मी बघत बसले,
किती बारीक टाके घालतात हे लोक
फेकायच्या वस्तूला.

अस्तर पडद्याचं. अकरा उन्हाळे
त्यानं खिडकीत उभं राहून आमच्या वाटचं ऊन खाल्लं.
एक बाजू अजून निळी आहे,
दुसरीचा रंग आता कुणालाच सांगता येणार नाही.
निळी आत घेतली.
लोकांना दिसणार नाही, मान्य. हात माझा जाणार आहे.

पुढचा खिसा दिगंबरच्या बॉयलर सूटचा.
कंपनीनं हेल्मेट परत घेतलं, बिल्ला घेतला,
गेटपास, लॉकरची किल्ली, सह्या तीन ठिकाणी.
सूट कुणी मागितला नाही.
तीनदा धुतला तरी शिवणीतून रिफायनरी येतेच.
खिशाला पेनाचा एक अरुंद कप्पा आहे,
तिथे लिपस्टिक ठेवीन म्हटलं.
मी लिपस्टिक लावत नाही. तरी.

यंत्र तिसऱ्या मजल्यावरच्या मारिविकचं.
शुक्रवारी ती व्हिनेगरमध्ये कोंबडी शिजवते
आणि मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून शिवते.
आमच्यात भाषा थोडी.
सुई मोडली की मात्र दोघी एकच बोलतो: च्च.

रेवा म्हणाली, आई, शाळेत प्रोजेक्टला दे ना,
टाकाऊतून टिकाऊ, दहा मार्क आहेत.
म्हटलं, बाटलीची फुलदाणी कर.

खिशावरून गेलेली चंदेरी पट्टी
मी उसवायला घेतली, कशीतरीच दिसत होती,
तर पलीकडून आवाज आला, राहू दे ती.
तीन आठवड्यांत एजंट आणि व्हिसा सोडून
त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य.
मग स्टीलची पट्टी घेऊन उठला,
खिसा मोजला, डोळा बारीक केला,
दोन मिलीमीटर डावीकडे गेलाय, म्हणाला.
फिटर माणूस. मी पुन्हा उसवला.
वाद घातला नाही, आणि हे माझ्याकडून लिहून ठेवा.

काल रात्री खुबूस आणायला निघाले.
मोठा रस्ता ओलांडताना एका गाडीचा झोत
खांद्यापासून कमरेपर्यंत आला
आणि पर्स एकदम पेटली, पांढरी, ट्रकवाल्यांना कळावी तशी:
इथे माणूस आहे.
गाडी थांबली. आतला हात म्हणाला, जा.
मी सावकाश गेले, तेवढा मान घेतला.

बकाल्यात पैसे काढायला हात घातला.
सिव्हिल आयडी, त्याच्या बायोडेटाच्या चार घड्या,
शंभर फिल्सचं एक नाणं,
आणि शिवणीच्या कोपऱ्यात
तांदळाचा एक दाणा, लांब, अख्खा.

नाणं दिलं.
दाणा पेनाच्या कप्प्यात टाकला.