अडीच फूट

जैतापूरला, उधाणाचं पाणी जिथे जोत्याला शिवून जातं,
कमरुद्दीन सेठच्या माडीचं मोजमाप घ्यायला गेले.
बाहेरून बेचाळीस फूट.
आतून खोल्या मिळवल्या, भिंती मिळवल्या:
साडेएकोणचाळीस.
पुन्हा टेप धरली.
साडेएकोणचाळीस.

शौकत चाव्या खुळखुळवत म्हणाला,
"जांभो असा. पावसात फुगता."

खाली वखार. सुंभ, खोबरं, मिठाच्या गोणी;
भिंतीला बोट लावून चाटलं तर अजून खारट.
वर तुळया, रंगूनच्या सागाच्या,
फतेमारीच्या पोटात आडव्या निजून आलेल्या.
एकीवर लाल आकडा राहिलाय, ११७.
बाकीच्या एकशे सोळा कुणाच्या डोक्यावर आहेत
कोण जाणे.
कमानी मशिदीसारख्या, पण खांबांच्या तळाशी कमळं:
धाको मेस्त्रीचा हात देवळात बसलेला,
सेठने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

ओटीला लागून पेढी.
सेठ फार विचारी, असं अजून गावात म्हणतात.
दलाल बोलून थांबला की हा डोळे मिटायचा,
तसबीहचे चार मणी सरकवायचा,
मग एकच शब्द.
सुपारीने अख्खी पेठ बसवली त्या साली
एकटा हा उभा होता.

दुपारी, चहा झाल्यावर, काय वाटलं कुणास ठाऊक,
शौकतने माजघरातल्या कपाटाची पाठ सरकवली.
अडीच फूट.
एक माणूस बसेल, निजणार नाही.
पेढीच्या बाजूला जाळी, तिळाएवढ्या भोकांची.
बसायचा चिरा मध्ये झिजून खोलगट.
भिंतीवर कोळशाचे हिशेब, हातचे घेतलेले,
आणि एका छिद्रातून सुतळी
सेठच्या गादीखाली गेलेली.

"हलीमाबी," शौकत म्हणाला.
"एकदा ओढलान तर हां.
दोनदा ओढलान तर नको."

मी त्या चिऱ्यावर बसून पाहिलं.
पेढी पूर्ण दिसते. दारातून येणाऱ्याचे
आधी पाय दिसतात, मग चेहरा.

नकाशात प्रत्येक जागेला नाव लागतं.
हिला काय लिहू?
"भित लिवा. इतकी वर्सा
भितच तर लिवतत."

बाहेर ओहोटी, चिखलात होडी कलंडलेली.
मी रबर घेतलं.
पुढच्या मोठ्या दालनावरचं 'पेढी' पुसलं
आणि अडीच फुटांत बसेल एवढ्या
बारीक अक्षरात
पुन्हा लिहिलं.