नववा खंड

मला विचाराल, तर पहिल्या खंडात नेहमी दोनशे पानं जास्तच असतात.
नमनालाच घडाभर तेल:
नकाशा, वंशावळ, तीन चंद्र, उच्चारता न येणारी नदी
आणि एक गुराखी पोरगा, ज्याला ठाऊकच नसतं
की तो राजपुत्र आहे.
आपल्याला ठाऊक असतं. पान नऊवर.

हे मी थर्कलसाहेबांना सांगते,
हल शहरात, डायलिसिसच्या पाच नंबर खुर्चीशी,
सुया टोचून झाल्यावर, पंपाचा वेग लावता लावता.
ते म्हणतात, गुराखी बरा असतो गं,
तो राजा होतो तिथं गोष्ट नासते.
तरुणपणी आइसलंडपर्यंत मासेमारीला गेलेला माणूस.
राजांबद्दल त्यांचं मत आधीपासूनच वाईट.

मला राग येतो तो शहरी जादूतल्या रक्तपिपासूंचा.
नीतीसाठी नव्हे, कामासाठी.
यांच्यातल्या एकाने तरी रक्त नीट पाहिलंय?
बाहेर आलं की ते थंड होतं, नळीत गोठू बघतं,
औषध घालून त्याची समजूत काढावी लागते.
एका माणसाचं रक्त धुवायला चार तास.
आणि यांचं दीड ओळीत आटोपतं,
पांढऱ्या शर्टावर डाग नाही!
थर्कलसाहेब हसतात. हसले की हात हलतो,
हात हलला की यंत्र बोंबलतं.

शिवाय सगळं घडणार लंडनमध्येच.
लाल टेलिफोनच्या खोक्यात शिरा, मागची भिंत ढकला,
निघालात पलीकडे.
आमच्या हलमधली खोकी सायीच्या रंगाची.
एकदा शेवटची पाळी संपवून,
कुणी बघत नाही असं बघून, मी ढकलली.
आत व्हिनेगरचा वास
आणि कुणाचे तरी अर्धे चिप्स.

लेदर जॅकेटवाली नायिका मला आवडते, कबूल.
पण तिचे दोन प्रियकर, त्यातला एक पौर्णिमेला लांडगा,
खंडागणिक घर बदलतात
आणि भाडं कोण भरतं ते आठव्यापर्यंत कळत नाही.
आमच्या कडेगावात मुंज्याला एक पिंपळ नेमून दिलेला होता.
जन्मभर, म्हणजे मरणभर,
त्याने पत्ता बदलला नाही.

खरं भांडण मेलेल्यांवरून.
सहाव्यात पुरलेली म्हातारी जादूगारीण
सातव्यात परत येते, एका डोळ्यावर पट्टी,
बाकी ठणठणीत.
मी म्हणते, ही फसवणूक आहे.
मी रडले होते, बसमध्ये, चारचौघांत.
ते रडणं मला कोण परत देणार?
ते म्हणतात, येऊ दे की.
आमच्या बोटीवरचं कुणी आलं नाही.

मग मी काही बोलत नाही.
प्रेशर घेते. एकशे अडतीस, ऐंशी.
लिहून ठेवते.

‘मिठाच्या राण्यां’चा आठवा खंड संपला
तेव्हा किल्ल्याचं दार अर्धं उघडं होतं.
त्यानंतर अकरा वर्षं लेखिका गप्प.
दारं आपणच उघडी टाकायची
आणि वर वारा सुटला म्हणून हात झटकायचे,
असं मी म्हणायचे. आता म्हणत नाही.
शेवट लिहिणं अवघड असेल.

तर नववा जाहीर झालाय. पुढच्या नोव्हेंबरात.
नऊशे बारा पानं.
थर्कलसाहेबांनी हिशेब मांडला:
आठवड्याला तीन फेऱ्या, फेरीला चार तास,
तासाला पंचवीस पानं,
तीन आठवडे, आणि वर एक चहा.
वर्णनं गाळा, मी सुचवलं.
गाळणार नाही, म्हणाले,
बाईंना समुद्र जमलाय का ते तपासायचंय.

शनिवारी मी लायब्ररीत नाव नोंदवायला गेले.
काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन पाहिला,
तुमचा नंबर दुसरा.
पहिला कुणाचा, हे तिला सांगता येत नाही.
मी विचारलंही नाही.
जाडजूड पुस्तक आहे, ती म्हणाली,
आधीचे वाचक किती दिवस ठेवतील कोण जाणे.

तीन आठवडे, मी म्हटलं.
एका हातानं वाचतात ते.