अडतीस लिटर

सियागंजात मुर्तझाभाईंनी विचारलं,
"किती लिटर देऊ, ताई?"
जणू मी दूध घ्यायला आलेय.

जानापाव सकाळी चढून संध्याकाळी घरी,
त्याला वीस पुरे.
पण चोरलच्या जंगलात रात्र काढायची
म्हणजे पांघरूण आलं, पातेलं आलं,
आणि कुमुदचं एकच, साठची घे, पुढे लागेल.
पुढे लागेल म्हणून घेतलेले
तीन कुकर आहेत माझ्याकडे, खोक्यातच.

त्यांनी सॅकमध्ये कुलपं भरली,
जुनी, पितळी, तोलून सात किलो.
म्हणाले, जिना चढा.

पोटमाळ्यापर्यंत खांदे कुरकुरले.
मग त्यांनी दाखवला तसा
खालचा पट्टा आवळला,
तर ओझं सरकून कमरेवर बसलं,
ओळखीचं.
दोन पोरं वाढवली या हाडावर,
दुसऱ्या हातानं पोळ्या उलटत.

वरून गल्ली दिसत होती,
हातगाड्या, मिरचीची पोती, एक झोपलेला हमाल.
कुणाचंच लक्ष नव्हतं.
मी उगीच आणखी एकदा
खाली जाऊन वर आले.

अडतीसची घेतली. करडी.
वरच्या कप्प्यात शेवेचा पुडा मावतो,
ते तिथेच बघून घेतलं.